साडेसातला पाच शतांश कमी

पत्र थोडक्यात: रावेर तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीचं हे पत्र आहे. भुसावळच्या एका महाविद्यालयात ती बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात नुकतीच गेली आहे. मुख्य विषय भौतिकशास्त्र, मायनर म्हणजे दुय्यम विषय गणित. गावाहून रोज रेल्वेने ये-जा. घरी केळी आहे. जूनच्या वादळात निम्मी बाग आडवी झाली. बारावीच्या गुणांवर तिला एका खासगी ट्रस्टची वर्षाला २४,००० रुपयांची शिष्यवृत्ती मिळते. अट अशी की सीजीपीए, म्हणजे आतापर्यंतच्या सगळ्या सत्रांची दहापैकी एकत्र सरासरी, ७.५ च्या खाली जाता कामा नये. पहिल्या सत्रात तिला ७.५५ होते, दुसऱ्यात ७.३६ आले आणि सीजीपीए झाला ७.४५. नूतनीकरणाचा अर्ज पुढच्या महिन्यात भरायचा आहे. ती विचारते: "मी नऊ विषयांच्या पॉइंटची सरासरी काढली तर ७.८९ येते, मग विद्यापीठाने ७.३६ कसे लावले? अर्जात ७.४५ चं राउंड करून ७.५ लिहिलं तर चालेल का? ९.५ ने गुणायचं एक सूत्र आहे, त्याने टक्के सत्तरच्या वर जातात, ते दाखवू का? की गणितच सोडून सोपा मायनर घेऊ? घरी अजून काही सांगितलेलं नाही. माझं शिष्यवृत्तीत भागतंय म्हणून वडिलांनी या वर्षी धाकट्या भावाला जळगावला क्लास लावलाय. त्यांना कळलं तर माझं कॉलेज बंद होईल."

आधी आकड्यांचं उरकू. तुझी अर्धी भीती तिथेच अडकली आहे आणि ती निस्तरता येण्यासारखी आहे. दोन्ही गुणपत्रिका विषयवार उतरवून पाठवल्यास हे फार बरं केलंस. एरवी अशा पत्रांत "थोडे कमी पडले" एवढंच असतं आणि थोडे म्हणजे किती, यावरच सगळं ठरणार असतं.

विद्यापीठाने चूक केलेली नाही. तू नऊ विषयांचे पॉइंट मिळवून नवाने भागलेस, म्हणजे प्रत्येक विषय सारख्या वजनाचा धरलास. तो तसा नसतो. घरचंच बघ: ४० क्विंटल केळी १,८०० च्या भावाने गेली आणि २० क्विंटल १,२०० ने, तर सरासरी १,५०० चा भाव मिळाला असं वडील म्हणतील का? ते १,६०० म्हणतील, कारण जास्त माल चढ्या भावाने गेला. क्रेडिट म्हणजे ते क्विंटल आणि ग्रेड पॉइंट म्हणजे भाव. दोन्हींचा गुणाकार करायचा, सगळे गुणाकार मिळवायचे आणि एकूण क्रेडिटांनी भागायचं.

तुझं दुसरं सत्र २२ क्रेडिटांचं आहे. भौतिकशास्त्राची थिअरी ४ क्रेडिट, ग्रेड बी, म्हणजे ६ पॉइंट, गुणाकार २४. गणिताची थिअरी ४ क्रेडिट, ग्रेड पी, म्हणजे ४ पॉइंट, गुणाकार १६. उरलेले सात विषय प्रत्येकी २ क्रेडिटांचे: दोन प्रॅक्टिकल, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचा एक, इंग्रजी, पर्यावरण आणि सहशालेय उपक्रम. त्यांत तुझे पॉइंट ८, ९, एका ठिकाणी तर १०. बेरीज ६१, दुप्पट केली की १२२. चोवीस, सोळा आणि एकशे बावीस मिळून १६२. भागिले २२, आले ७.३६. गुणपत्रिकेवर आहे तेच.

पहिल्या सत्राचे असेच १६६ होतात. दोन्ही मिळून ३२८, क्रेडिट ४४, सीजीपीए ७.४५. आणि ७.५ साठी लागतात ४४ गुणिले साडेसात, म्हणजे ३३०.

दोन. तुला कमी पडलेत ते दोन क्रेडिट पॉइंट. एखाद्या दोन क्रेडिटांच्या विषयात एक ग्रेड वर असतीस, तर तू हे पत्रच लिहिलं नसतंस.

आता तोच कागद दुसऱ्या बाजूने बघ, इथे मला तुला थोडं टोचून बोलायचं आहे. सात लहान विषयांत तुझी सरासरी पावणेनवाच्या जवळ आहे. चार क्रेडिटांचे दोन मोठे पेपर घेतले तर सरासरी पाच. तू लिहिलंस, "बाकी सगळ्यात मी चांगली आहे, गणितानेच घात केला." गणिताने एकट्याने केलेला नाही. भौतिकशास्त्राच्या थिअरीतही तू बी वर आहेस आणि तो तुझा मुख्य विषय आहे. लहान विषयांतले नऊ आणि दहा ती गोष्ट झाकून ठेवतात. शिष्यवृत्तीची भानगड नसती, तरी हा आकडा बघायला हवा होता.

तू गुण पाठवलेत म्हणून आणखी एक दिसतं. गणितात ४३, त्यात अंतर्गत ४० पैकी १४ आणि लेखी ६० पैकी २९. तुझ्या गुणपत्रिकेवरच्या कोष्टकात पी ग्रेड ४४ पर्यंत आहे आणि सी ४५ पासून. भौतिकशास्त्रात ५२, तिथे बी ५४ पर्यंत आणि बी प्लस ५५ पासून. गणितात दोन गुण जास्त असते तर चार पॉइंट वाढले असते आणि सीजीपीए ७.५५ झाला असता. भौतिकशास्त्रातही तीन मिळाले असते तर ७.६४. ग्रेडचा हिशेब असा पायऱ्यांचा असतो. पायरीच्या मधोमध एक-दोन गुण वाढले तरी काही हलत नाही आणि काठावर एका गुणाने सगळं हलतं. म्हणून अभ्यास किती करायचा याच्याइतकंच तो कुठे करायचा, हे कोष्टक समोर ठेवून ठरवावं. इंग्रजीत आणखी आठ गुण काढायला जो महिना जाईल, तो तुझ्यासाठी गणिताच्या अंतर्गत चाचण्यांत जास्त किमतीचा आहे.

आणि त्या १४ गुणांचं कारण तू पत्रात जाता जाता लिहिलंस: मार्चमधल्या चाचणीच्या दिवशी गाडी दीड तास उशिरा आली आणि चाचणी बुडाली. मग काय केलंस? त्याबद्दल पत्रात काही नाही. विभागप्रमुखांना त्याच दिवशी अर्ज दिला असता, तर बऱ्याच महाविद्यालयांत पुन्हा चाचणी घेतात, निदान असाइनमेंट देतात. भुसावळला रेल्वेने येणारी तू एकटी नाहीस, प्राध्यापकांना गाड्यांचं रडगाणं पाठ असतं. पण अर्ज नसेल तर त्यांच्या हातातही काही नसतं. यापुढे चाचणी बुडाली तर त्याच आठवड्यात लेखी द्यायचं, त्यावर पोच घ्यायची. हे रोज ये-जा करणाऱ्या सगळ्यांनाच सांगते, मग ती चोपड्याहून बसने जळगावला येणारी असो की साक्रीहून धुळ्याला.

पुढचं गणित तुला वाटतं तेवढं भयंकर नाही. तुझ्या पत्रात "आता आठच्या वर काढावे लागतील" असं आहे. नाही लागणार. तिसऱ्या सत्राअखेर ६६ क्रेडिट होतील, ७.५ साठी ४९५ हवेत, ३२८ आहेत, उरले १६७. भागिले २२, म्हणजे ७.५९. आणि ट्रस्टने दुसऱ्या वर्षाच्या शेवटी बघायचं ठरवलं, तर दोन्ही सत्रांत मिळून ७.५५ पुरतात. पहिल्या सत्रात तू एवढे काढलेलेच आहेस. भीती बाळगायचीच तर नापास होण्याची बाळग. चार क्रेडिटांच्या एका पेपरात एफ आला की तिथे शून्य, आणि मग उरलेल्या १८ क्रेडिटांत ९.२८ ची सरासरी लागते. ते कोणालाही जड आहे.

हे पत्र तिसऱ्या वर्षातलंही कोणी वाचत असेल, त्यांच्यासाठी एक आकडेमोड करून ठेवते. समजा दोन सत्रांनंतर सीजीपीए ७.२ आहे आणि प्रत्येक सत्र २२ क्रेडिटांचं आहे. पदवीअखेर ७.५ करायला पुढच्या चार सत्रांत सरासरी ७.६५ पुरते. तोच ७.२ पाच सत्रांनंतर असेल, तर शेवटच्या एका सत्रात ९ लागतात. सरासरी जसजशी जुनी होते तसतशी ती हलायला जड होते. "शेवटच्या वर्षी भरून काढू" म्हणणाऱ्या मुलांना हे कोणी सांगत नाही. आणि सत्रांची क्रेडिट कमी-जास्त असतील तर नुसत्या एसजीपीएंची (एकेका सत्राच्या सरासरीची) सरासरी काढू नका, तिथेही तेच वजन लावायचं.

आता राउंड करण्याचं. नको. तुझा आकडा ७.४५४५ आहे, एका दशांशात लिहिला तर तो ७.५ होतो हे खरं, आणि म्हणूनच मोह होतो. पण विद्यापीठ दोन दशांशांत छापतं आणि अर्जासोबत गुणपत्रिका जोडायची असते. अर्जात ७.५ आणि गुणपत्रिकेवर ७.४५ दिसलं की तपासणाऱ्या माणसाला ते राउंडिंग वाटणार नाही. पाच शतांशांसाठी दया येऊ शकते, खोटं लिहिणाऱ्यासाठी कोणाला येत नाही. जे छापलंय तेच लिहायचं.

९.५ चं सूत्रही बाजूला ठेव. ते सीबीएसईच्या दहावीच्या जुन्या ग्रेड पद्धतीचं होतं, ती पद्धतही बंद झाली. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कोष्टकात ७.२५ म्हणजे ६५ टक्के आणि ७.७५ म्हणजे ७० टक्के धरतात. त्या मापाने तुझे ६७ होतील, ९.५ ने मात्र जवळपास ७१. एकाच मुलीचे हे दोन आकडे, म्हणून जिथे टक्के मागितले असतील तिथे फक्त आपल्या विद्यापीठाने ठरवलेलं रूपांतर चालतं. तुझ्या ट्रस्टने टक्के मागितलेलेच नाहीत, मग त्या वाटेला जायचंच कशाला?

त्यापेक्षा शिष्यवृत्ती मंजूर झाल्याचं मूळ पत्र काढ. कपाटात, फाइलीत, आईच्या डब्यात, असेल तिथून. त्यातलं वाक्य शब्दश: वाच. "सीजीपीए ७.५" आहे की "प्रत्येक सत्रात ७.५"? दुसरं असेल, तर पहिल्या सत्राच्या ७.५५ चा आधार संपतो आणि ७.३६ हाच आकडा समोर येतो. "रद्द होईल" लिहिलंय की "पुनर्विचार केला जाईल"? तपासणी कधी, निकाल लागला की वर्ष संपल्यावर? तू अट जी सांगितलीस ती ट्रस्टच्या कार्यक्रमात कोणी तरी भाषणात सांगितलेली आहे, असं तुझ्या वाक्यावरून वाटलं. ऐकलेल्या अटी आणि छापलेल्या अटी यांत बऱ्याचदा फरक असतो, कधी आपल्या बाजूने, कधी विरुद्ध.

त्यानंतर दोन कामं. पहिलं, गणिताच्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत माग. तुला दोनच गुण हवे आहेत, आणि बेरजेत चूक होणं, एखादं पान तपासायचं राहणं, पुरवणीतलं उत्तर मोजलं न जाणं, हे होत असतं. छायाप्रत मिळाली की ती गणिताच्या मॅडमना दाखव. त्या "आहे काही तरी" म्हणाल्या तरच पुनर्मूल्यांकनाला पैसे घाल, नुसत्या आशेवर नको. पुनर्मूल्यांकनात गुण कमीही होऊ शकतात का, हे परीक्षा विभागाच्या सूचनेत आधी वाच. तू पी वर आहेस, खाली जायला फार जागा नाही.

दुसरं, ट्रस्टने विचारायच्या आधी आपणच कळवायचं. याला मुलं फार घाबरतात. पण बाहेरचा माणूस कसा विचार करतो ते बघ: अर्जांच्या गठ्ठ्यात त्याला एक ७.४५ सापडला, तर तो लाल पेनने गोल करतो. तोच आकडा मुलीने स्वत: पत्र लिहून सांगितला, सोबत कारण आणि पुढचा हिशेब दिला, तर त्याला निर्णय घ्यावा लागतो. माझ्या मते पत्र एका पानाच्या आत बसावं, वादळाचं एक वाक्य चालेल, पण घरच्या अडचणींचं पुराण नको. साधारण असं:

"महोदय, माझा दोन सत्रांचा सीजीपीए ७.४५ आहे. आपली अट ७.५ ची आहे. रेल्वे उशिरा आल्यामुळे गणिताची एक अंतर्गत चाचणी मला देता आली नाही आणि त्या पेपरात दोन गुण कमी पडून ग्रेड खाली आली. उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीसाठी अर्ज केला आहे, पावती जोडली आहे. तिसऱ्या सत्रात मला ७.५९ मिळाले तर एकूण सीजीपीए ७.५ होतो. तोपर्यंत शिष्यवृत्ती चालू ठेवावी, किंवा दुसरा हप्ता त्या निकालापर्यंत राखून ठेवावा, ही विनंती."

शेवटचं वाक्य मुद्दाम घातलंय. समोरच्याला "हो" किंवा "नाही" याशिवाय मधला एक रस्ता दिला, तर तो "नाही" सहज म्हणत नाही. ते ऐकतीलच असं मी सांगणार नाही. काही ट्रस्ट एका सत्राची सवलत देतात, काहींचा नियम दगडासारखा असतो. पत्रासोबत विभागप्रमुखांच्या दोन ओळी मिळाल्या तर घे. त्यानिमित्ताने त्यांना चाचणीचंही कळेल.

गणित सोडण्याबद्दल मात्र मी एका बाजूची नाही. तुला पुढे भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करायचं असेल तर गणितापासून सुटका नाही. मायनर बदललास तरी ते लाटा, उष्मागतिकी, क्वांटम या पेपरांतून डिफरन्शियल इक्वेशन होऊन परत येणारच. आयआयटींच्या जॅम या एम.एस्सी. प्रवेश परीक्षेत भौतिकशास्त्राच्या अभ्यासक्रमातला एक भाग निव्वळ गणिती पद्धतींचा असतो. शिवाय गणित जमत नाही याचा पुरावा तरी काय? प्रॅक्टिकलमध्ये ए आहे, एक चाचणी बुडालेली आहे आणि लेखी परीक्षेत एप्रिल-मेच्या भुसावळच्या उन्हात ६० पैकी २९. हा जेमतेम निकाल आहे, नकार नव्हे. पण तुझ्या मनात बी.एड. आहे, बँकेच्या परीक्षा आहेत किंवा भौतिकशास्त्रच मुळात आवडत नाही असं असेल, तर मायनर बदलण्यात काही कमीपणा नाही. फक्त सोपा विषय म्हणून जो घेशील तोही चार क्रेडिटांचाच असणार आणि त्याचा मागचा पाया तुझ्याकडे नसेल, हे धरून चाल. आणि बदल करता येतो का, कोणत्या तारखेपर्यंत, हे कॉलेजच्या ऑफिसात विचार, वर्गातल्या मुलींना नको.

आता घरचं. माझ्या दृष्टीने पत्रातला सगळ्यात मोठा प्रश्न हाच, आणि तू तो सगळ्यात शेवटी दीड ओळीत लिहिलास.

"वडिलांना कळलं तर माझं कॉलेज बंद होईल." असं ते म्हणालेत का? तुझं पत्र मी पुन्हा वाचलं, त्यात तसं कुठे दिसलं नाही. ते एवढंच म्हणालेत की तुझं भागतंय म्हणून भावाचा क्लास लावला. त्यांच्या बाजूने हा साधा हिशेब असेल: एकीची सोय झाली, आता दुसऱ्याची बघू. पण तुझ्या कानांना ते असं ऐकू आलं की तुझं शिक्षण अटीवर आहे आणि त्याचं नाही. तुझं ऐकणं चुकीचं आहे असंही मी म्हणणार नाही. आपल्या गावांत मुलीचं कॉलेज "फुकटात होतंय तोवर" चालू असतं, आणि मुलाच्या क्लाससाठी सोनं गहाण पडतं, हे काही मी तुला सांगायला नको. ते बदलायला हवं. पण वडील त्यातलेच आहेत की नाहीत, हे तू त्यांना विचारण्याआधीच ठरवून टाकलंस.

त्यांना सांगताना "शिष्यवृत्ती गेली" असं सांगू नकोस, कारण ती गेलेली नाही. एका कागदावर मांडून ने. वर्षाची फी किती, पुस्तकं किती, पास किती, डबा-चहा किती. त्यातले ट्रस्टचे किती. अनुदानित कॉलेजात बी.एस्सी.ची फी बऱ्याचदा घरच्यांना वाटते त्याहून कमी असते आणि खरा खर्च बाकीचाच निघतो. पासाचं तर वेगळं बघच: घर ते कॉलेज असा दुसऱ्या वर्गाचा मासिक पास रेल्वे पदवीपर्यंतच्या मुलींना मोफत देते, कॉलेजचा दाखला लागतो. तू पत्रात पासाचे पैसे धरले आहेत, म्हणून विचारते, तो दाखला कधी मागितलास का? सगळं लिहून झालं की खाली एक ओळ: ट्रस्टने नाही म्हटलं तर इतके कमी पडतात. तो आकडा २४,००० पेक्षा लहान निघेल असा माझा अंदाज आहे, आणि महिन्यावारी केला तर आणखी लहान दिसेल.

वेळ बघून बोल. बागेत व्यापारी उभा असताना किंवा विम्याच्या पंचनाम्याची चिंता असताना नको. आईला आधी सांगितलंस तर तिला दोन दिवस विचार करायला मिळतील. घरात शिकलेला मामा किंवा आत्या असेल आणि वडील त्यांचं ऐकत असतील, तर त्यांना बसवून घे, पण बोलायचं तूच. ७.४५ म्हणजे नापास नव्हे हे पहिल्याच वाक्यात सांग, कारण ज्यांनी टक्केच बघितलेत त्यांना साडेसात ऐकून धक्का बसू शकतो.

समजा ट्रस्टने नाहीच म्हटलं. तर महाडीबीटी पोर्टलवर तुझ्या प्रवर्गाची आणि उत्पन्नाची कोणती योजना लागू आहे ते कॉलेजच्या शिष्यवृत्ती कारकुनासोबत बसून बघ. सरकारी योजनांत सहसा साडेसातसारखी अट नसते, पास होऊन पुढच्या वर्गात जाणं आणि हजेरी याच मुख्य गोष्टी असतात. मात्र एका वेळी दोन शिष्यवृत्त्या चालतात का, हे दोन्हीकडच्या नियमांत वाच. कॉलेजात कमवा आणि शिका योजना असेल तर त्यातही नाव दे. ग्रंथालयातलं काम मिळालं तर गाडीची वाट बघायचा वेळही सत्कारणी लागेल. तुझी मैत्रीण फार्मसीला किंवा इंजिनिअरिंगला असेल, तर तिला सांग की २०२४-२५ पासून राज्य सरकारने व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेश फेरीतून आलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ८ लाख. बी.एस्सी.ला ते लागू नाही, याचा राग आला तर तो रास्त आहे.

भावासाठीही एक. बारावी झाल्याबरोबर त्याला राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर केंद्राच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला लाव. बोर्डात ८० पर्सेंटाइलच्या वर असलेल्या आणि घरचं उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असलेल्या मुलांना पदवीच्या काळात वर्षाला १२,००० रुपये मिळू शकतात, आणि पुढे चालू ठेवायला ५० टक्के गुण व ७५ टक्के हजेरी पुरते. नवा अर्ज पदवीच्या पहिल्याच वर्षी भरता येतो, म्हणून तुझी वेळ गेली, त्याची जाऊ देऊ नकोस. त्याच्या शिक्षणाचीही थोडी सोय अशी बाहेरून झाली, तर घरातला हिशेब जरा सारखा होईल.

तिसऱ्या सत्रासाठी म्हणशील तर फार वेळापत्रकं आखू नकोस. जाताना-येताना गाडीत लहान विषय वाच, तिथे उभं राहूनही वाचता येतं आणि त्यात तू तशीही चांगली आहेस. घरी टेबलावर बसून जो वेळ मिळेल तो फक्त दोन मोठ्या थिअरींना, लिहून गणितं सोडवत. प्रत्येक अंतर्गत चाचणीचे गुण मिळाले की वहीच्या मागच्या पानावर टाक आणि लेखीत किती हवेत ते तिथल्या तिथे काढ. गणितात ४० पैकी २४ मिळाले तर पी ओलांडून सी गाठायला लेखीत ६० पैकी २१ पुरतात, आणि तू या वेळी २९ मिळवलेच आहेस; तेवढेच पुन्हा मिळाले तर ५३, म्हणजे थेट बी.

ट्रस्टचं पत्र रविवारी लिही, वडिलांशी त्यानंतर बोल. छायाप्रतीच्या अर्जाची मुदत मात्र आजच बघ; निकालानंतर त्यासाठी मोजकेच दिवस देतात आणि तुझा निकाल लागून आठवडा होऊन गेला आहे.